‘शट डाउन’ ते ‘स्ट्रक डाउन’: रोजच्या इंग्रजीतील कर्मणी फ्रेजल व्हर्ब

इंग्रजीत ‘कॉल’ म्हणजे हाक मारणे किंवा बोलावणे, पण ‘कॉल ऑफ’ म्हणजे ठरलेली गोष्ट रद्द करणे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे आणि ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे. एखाद्या साध्या, छोट्याशा क्रियापदाला अप, डाउन, ऑफ, आउट, ओव्हर यांपैकी एक अव्यय चिकटते आणि दोघांचा मिळून निराळाच अर्थ तयार होतो. अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळे रुळले. ते सुचवल्याचे श्रेय स्मिथ यांनी ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले आहे. ही जोडी कर्मणी प्रयोगात गेली की ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’ किंवा ‘द फायर वॉज पुट आउट’ अशी वाक्ये होतात. सामना रद्द झाला, आग विझवली.

मराठी मुलांना हे दोन्ही विषय शिकवले जातात, पण एकमेकांपासून तोडून. पॅसिव्ह व्हॉइस व्याकरणाच्या तासाला येतो आणि ‘राम ईट्स अ मँगो’चे ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ करण्यात संपतो. फ्रेजल व्हर्ब पुस्तकाच्या शेवटी यादीच्या रूपाने भेटतात आणि परीक्षेपुरते पाठ होतात. त्यामुळे दोघे एका वाक्यात एकत्र आले की वाचणारा अडखळतो. शिवाय एक समज पक्का होऊन बसतो, की कर्मणी वाक्य म्हणजे कागदोपत्री आणि जड, तर फ्रेजल व्हर्ब म्हणजे बोलण्यातले आणि हलके. मग त्यांची गाठ पडायची कशी? या समजाचा अर्धा भाग खरा आहे. डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या लाँगमनच्या मोठ्या व्याकरणग्रंथात प्रत्यक्ष वापरातली इंग्रजी मोजलेली आहे. तिथे शास्त्रीय लिखाणातील साधारण पाव क्रियापदे कर्मणी निघाली, तर संभाषणात हे प्रमाण जेमतेम दोन टक्के होते. पण संभाषणात ती येतात ती नेमक्या गरजेच्या जागी: पाणी तोडले, वीज कापली, बैठक पुढे गेली, कोणाला कामावरून काढले, कोणी फसला. आणि या सगळ्या गोष्टींसाठी इंग्रजीजवळचा रोजचा शब्द बहुतेक वेळा फ्रेजल व्हर्बच असतो.

गरज कसली, हे मराठी वाक्याशेजारी ठेवले की चटकन दिसते. मराठीत ‘सरकारने मिल ताब्यात घेतली’ या वाक्यात क्रियापद मिलकडे पाहून चालते. ‘सरकारने’ हा शब्द गाळला तरी ‘मिल ताब्यात घेतली’ हे वाक्य पूर्णच राहते. ‘झाड तोडलं’, ‘लाइट कापली’, ‘त्याला कामावरून काढलं’ यांत करणारा कोण हे सांगावे लागत नाही आणि कोणाला काही चुकल्यासारखेही वाटत नाही. पुढच्या गोष्टींसाठी ‘उद्या पाणी सोडणार आहेत’ असे निनावी अनेकवचन पुरते. इंग्रजी विधानाला मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. तिथे कोणीतरी बसवावेच लागते. कधी ‘दे’ हा निनावी सर्वनाम-कर्ता बसतो: ‘दे हॅव कट ऑफ द वॉटर’. नाहीतर ज्याच्यावर क्रिया घडली त्यालाच पुढे आणून बसवतात: ‘द वॉटर हॅज बीन कट ऑफ’. म्हणजे मराठी माणूस कर्ता गाळून जे सहज बोलतो, तेच सहज बोलण्यासाठी इंग्रज माणूस कर्मणी वापरतो. हे लक्षात आले की ही वाक्ये परकी वाटेनाशी होतात.

सोलापूरसारख्या गावात ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. मराठीच्या जोडीला तेथे कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू घराघरांत बोलल्या जातात. कन्नड आणि तेलुगूतही कर्मणी रूपे आहेत, पण ती ग्रंथात आणि बातमीत शोभतात. चुलीपुढे किंवा मागावर कोणी ती वापरत नाही. तेव्हा सोलापुरी विद्यार्थ्याची घरची भाषा यांपैकी कोणतीही असो, ‘पॅसिव्ह म्हणजे पुस्तकी’ हा संस्कार तो घरूनच घेऊन येतो. इंग्रजीत मात्र त्याला तो बाजूला ठेवावा लागतो.

सोलापूरच्याच एका मोठ्या घटनेत या प्रकारची क्रियापदे एकामागून एक सापडतात. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सारे गाव ‘जुनी मिल’ म्हणून ओळखते, १८७७ मध्ये सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर कारभार बिघडत गेला आणि २७ ऑगस्ट १९४९ रोजी ती बंद झाली. इंग्रजीत हे वाक्य ‘द मिल वॉज शट डाउन’. नुसते ‘वॉज शट’ म्हटले तर दार लावून घेतल्यासारखे वाटते. संध्याकाळी लावले, सकाळी उघडले. ‘डाउन’ आले की चाक थांबले, भोंगा थांबला, रोजगार थांबला. मराठी माणूस येथे ‘मिल बंद पडली’ म्हणतो. त्या ‘पडली’मध्ये जे वजन आहे, ते इंग्रजीत ‘डाउन’ने पेलले आहे. फरक एवढाच की ‘बंद पडली’मध्ये बंद करणारा कोणीच दिसत नाही, जणू ती आपोआप पडली, ‘वॉज शट डाउन’मध्ये करणाऱ्याचे नाव नसले तरी तो कुठेतरी आहे हे गृहीत असते. कामगाराला हा फरक मोठा वाटेल, आणि त्याचे बरोबर आहे.

९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने खास या एका कंपनीसाठी वटहुकूम काढला. गैरव्यवस्थेमुळे आवश्यक मालाचे उत्पादन घटले आणि मोठी बेकारी ओढवली, असे कारण देऊन तिचा कारभार सरकारने नेमलेल्या संचालकांकडे दिला. एप्रिलमध्ये वटहुकमाच्या जागी कायदा आला. ‘द मिल वॉज टेकन ओव्हर बाय द गव्हर्नमेंट’. येथे ‘बाय द गव्हर्नमेंट’ मुद्दाम ठेवलेले आहे, कारण ताबा कोणी घेतला हीच बातमी आहे. ‘टेक ओव्हर’ हा शब्दही बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याने कारभार हाती घेतल्याचे कळते. मालकी बदलली की नाही हे कळत नाही. कंपनी कागदावर भागधारकांचीच राहिली होती. मालकीचा हाच प्रश्न पुढे न्यायालयात वादाचा गाभा ठरला.

नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवर प्रत्येकी ५० रुपयांची मागणी केली. कंपनीच्या भाषेत याला ‘कॉल’ म्हणतात. शेअरची पूर्ण रक्कम एकदम घेतलेली नसेल तर उरलेली रक्कम ‘इज कॉल्ड अप’, म्हणजे भागधारकांकडून मागवली जाते. आणि जी आधी भरलेली असते ती ‘पेड अप’. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ‘पेड-अप कॅपिटल’ हे शब्द नेहमी छापले जातात. ते मुळात कर्मणी फ्रेजल व्हर्बच आहे, विशेषण होऊन बसलेले. ‘पे’ म्हणजे देणे. ‘पे अप’ म्हणजे जे देणे लागते ते चुकते करणे. ‘अप’मुळे हिशेब पुरा झाल्याचा भाव येतो.

एका भागधारकाने ताब्याच्या या कायद्यालाच आव्हान दिले. चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा वैध ठरवला: ‘द अ‍ॅक्ट वॉज अपहेल्ड’. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांनी, वर सांगितलेल्या त्या ५० रुपयांच्या मागणीविरुद्ध, दावा लावला. १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की नाव देखरेखीचे असले तरी प्रत्यक्षात कंपनीची मालमत्ताच तिच्याकडून काढून घेतली गेली आहे, आणि भरपाई न देता तसे करणे घटनेत बसत नाही. ‘द अ‍ॅक्ट वॉज स्ट्रक डाउन’. मराठी बातमीदार लिहितो, ‘कायदा रद्दबातल ठरला’. भारतीय घटनेवरच्या इंग्रजी पुस्तकांत ‘शोलापूर’ हे नाव ज्या दोन निकालांमुळे पुन्हा पुन्हा येते, ते हे निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्याला ‘शट डाउन’, ‘टेकन ओव्हर’, ‘कॉल्ड अप’, ‘पेड अप’ आणि ‘स्ट्रक डाउन’ ही पाचही रूपे या एकाच प्रकरणातून अर्थासकट शिकता येतात, आणि यादी पाठ करण्यापेक्षा ती अशी जास्त टिकतात.

‘अपहेल्ड’ आणि ‘हेल्ड अप’ यांची गल्लत मात्र होऊ देता कामा नये. अव्यय पुढे जोडून एकच शब्द झालेला असला तर ते फ्रेजल व्हर्ब नव्हे. ‘द अ‍ॅक्ट वॉज अपहेल्ड’ म्हणजे कायदा ग्राह्य धरला. ‘आय वॉज हेल्ड अप’ म्हणजे मी अडकून पडलो, उशीर झाला. एस.टी. स्टँडजवळच्या गर्दीत अडकलेला माणूस दुसरे वाक्य बोलेल, पहिले नाही.

आता रचना. कर्तरी वाक्यात फ्रेजल व्हर्बचे दोन भाग एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. ‘दे पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘दे पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर. कर्म सर्वनाम असेल तर मधेच घालावे लागते: ‘दे पुट इट ऑफ’. कर्मणी झाले की हा सगळा प्रश्न मिटतो, कारण कर्म उठून वाक्याच्या आरंभी गेलेले असते आणि मधे शिरायला कोणी उरत नाही. ‘द मीटिंग वॉज पुट ऑफ’ एवढी एकच मांडणी राहते. क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित रूप आणि लगेच त्याचे अव्यय. या अर्थाने कर्मणी रूप शिकणाऱ्याला उलट सोपे आहे. चूक होते ती अव्यय गळण्यात. मराठी मनाला ‘मीटिंग पुट झाली’ एवढ्यावर वाक्य संपल्यासारखे वाटते, कारण मराठीत वाक्य क्रियापदावर संपते आणि त्याच्यामागे एखादा शब्द लोंबकळत राहत नाही. इंग्रजीत मात्र तो मागचा छोटा शब्दच अर्थ धरून असतो, आणि बोलताना जोरही त्याच्यावर पडतो. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणताना आवाज ‘ऑफ’वर चढतो. तो खाली पाडून बोलले तर ऐकणारा क्षणभर थबकतो.

हुबेहूब असाच दिसणारा, पण वेगळा, दुसरा प्रकार आहे. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लाफ अ‍ॅट’ म्हणजे हसणे, ‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे, ‘ऑपरेट ऑन’ म्हणजे शस्त्रक्रिया करणे. यांतला दुसरा शब्द शब्दयोगी आहे. तो कर्माच्या आधी येतो आणि तिथून हलत नाही. ‘लुक आफ्टर द चाइल्ड’ होते, ‘लुक द चाइल्ड आफ्टर’ कधीच होत नाही. अशा क्रियापदांचेही कर्मणी होते: ‘द चाइल्ड वॉज वेल लुक्ड आफ्टर’, ‘द कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू’. ज्या नामासाठी शब्दयोगी आले ते नाम उठून पुढे गेले आणि शब्दयोगी मात्र वाक्याच्या टोकाला एकटे उरले, ही रचना जगातल्या भाषांत फार दुर्मीळ आहे. इंग्रजीत आणि तिच्या स्कँडिनेव्हियन बहिणींत ती आढळते. जर्मन किंवा फ्रेंचमध्ये असे चालत नाही. मराठीत तर ते कल्पनेपलीकडचे आहे. ‘मुलाकडे पाहिले’ यातला ‘कडे’ मुलाला सोडून वाक्याच्या शेवटी जाऊन कसा बसेल?

म्हणूनच भारतीय इंग्रजीत या ठिकाणी हमखास घोटाळा होतो, आणि त्याचा सर्वांत ठळक नमुना दवाखान्यात मिळतो. सोलापुरात सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते. तेथे ‘पेशंट वॉज ऑपरेटेड’ हे वाक्य सर्रास लिहिले आणि बोलले जाते. काटेकोर इंग्रजीत थेट कर्म घेणाऱ्या ‘ऑपरेट’चा अर्थ यंत्र चालवणे. रुग्णाच्या बाबतीत ‘वॉज ऑपरेटेड ऑन’ असेच हवे. भारतीय वर्तमानपत्रे ‘ऑपरेटेड अपॉन’ असे किंचित जुन्या वळणाचे रूप पसंत करतात आणि ते अगदी बरोबर आहे. ‘ऑन’ गळण्याचे कारण उघड आहे: मराठीत ‘त्याचं ऑपरेशन झालं’ म्हणतात. ऑपरेशन हे नाम, ‘झालं’ हे क्रियापद. टोकाला काही लावण्याची सोयच नाही.

तीन शब्दांची क्रियापदेही आहेत. ‘डू अवे विथ’ म्हणजे मोडीत काढणे, ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे कमी लेखणे, ‘लुक अप टू’ म्हणजे आदराने पाहणे. कर्मणीत तिन्ही शब्द जसेच्या तसे एका ओळीत राहतात: ‘द ओल्ड टॅक्स वॉज डन अवे विथ’, ‘वीव्हर्स वेअर लुक्ड डाउन ऑन’. वाक्याच्या शेवटी दोन-दोन अव्यये आलेली पाहून शिकणारा बिचकतो आणि एखादे खोडून टाकतो. खोडू नये. कर्ता सांगायचा तर त्यांच्यानंतर ‘बाय’ लागते: ‘ही इज लुक्ड अप टू बाय एव्हरीवन’. असे तीन छोटे शब्द ओळीने येणे इंग्रजी कानाला मुळीच खटकत नाही.

सगळ्यांचे कर्मणी होत नाही, आणि याचे कारण तेच जे मराठी व्याकरणात सांगितले जाते: कर्म असेल तरच कर्मणी. ‘द प्लेन टुक ऑफ’ म्हणजे विमान उडाले. यात कर्म नाही, म्हणून कर्मणीही नाही. ‘द मशीन ब्रोक डाउन’ म्हणजे यंत्र बिघडले. ‘वॉज ब्रोकन डाउन’ म्हटले की अर्थ बदलून ‘तुकडे करून मांडले’ असा काहीसा होतो. पॉवरलूमचा माग बंद पडल्याचे सांगताना भारतीय इंग्रजीत ही चूक फार दिसते. कर्म असूनही कर्मणी न होणारी काही क्रियापदे आहेत. ‘टेक आफ्टर’ म्हणजे कोणाच्या तरी वळणावर जाणे: ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ होईल, पण आईला पुढे आणून कर्मणी करता येणार नाही. साम्य, मालकी अशा स्थितीत कोणी कोणाला काही करत नाही, मग कर्मणी कशाचे करणार?

अव्यये अर्थात भर घालतात ती कशी, हे पाहायला मे १९३० चे सोलापूर घेता येते. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. रूपाभवानी परिसरातली शिंदीची झाडे सत्याग्रहींनी तोडली, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली गेली आणि १२ मे रोजी लष्करी कायदा जारी झाला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. या हकिगतीच्या इंग्रजी वर्णनात ‘ट्रीज वेअर कट डाउन’ आणि ‘द पोलीस पोस्ट वॉज बर्न्ट डाउन’ अशी वाक्ये येतात. नुसते ‘कट’ म्हटले तर झाडावर घाव घातला एवढेच. ‘कट डाउन’ म्हणजे झाड आडवे केले. ‘कट अप’ म्हणजे त्याचे तुकडे केले. ‘बर्न्ट’ म्हणजे भाजले, करपले. ‘बर्न्ट डाउन’ म्हणजे जळून जमीनदोस्त झाले. क्रिया कुठवर गेली, तिचा शेवट काय झाला, हे अव्यय सांगते.

मराठीत हे काम संयुक्त क्रियापद करते. तोडले आणि ‘तोडून टाकले’, जळले आणि ‘जळून गेले’, संपले आणि ‘संपून गेले’ यांत जो फरक आहे तोच ‘कट’ आणि ‘कट डाउन’ यांत आहे. इंग्रजी ‘यूज्ड अप’ म्हणजे वापरून संपवले, ‘ईटन अप’ म्हणजे खाऊन टाकले, ‘वाइप्ड आउट’ म्हणजे पुसून टाकले. मराठी माणूस जिथे टाकणे, जाणे, बसणे, ठेवणे यांपैकी एक सहायक जोडतो, तिथे इंग्रजीत बहुधा अव्यय असते. शब्दाला शब्द जुळत नाही, पण भाव जुळतो. आणि फ्रेजल व्हर्ब समजून घेण्याची मराठी भाषकाजवळची सर्वांत भरवशाची वाट हीच आहे. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांत ती क्वचित दाखवलेली असते.

सोलापुरातल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी विमानसेवेसाठी पाडण्यात आली, तेव्हाही इंग्रजीत ‘द चिमनी वॉज ब्रॉट डाउन’ किंवा ‘पुल्ड डाउन’ म्हणता येते. उंच गोष्ट खाली आणली, म्हणून ‘ब्रॉट डाउन’. ओढून, मोडून पाडली, म्हणून ‘पुल्ड डाउन’. एकाच घटनेला दोन क्रियापदे लागू पडतात आणि निवड सांगणाऱ्याच्या दृष्टीवर राहते. ‘ब्रॉट डाउन’ सरकारलाही लागू होते: सरकार पाडले. तिथे ‘पुल्ड डाउन’ही चालते, पण रुळलेले रूप पहिलेच.

एकाच रूपाचे अनेक अर्थ हा या विषयातला खरा काटा आहे. ‘ब्रॉट अप’ घ्या. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी ‘ही वॉज ब्रॉट अप इन सोलापूर’ असे लिहिले तर अर्थ, ते सोलापुरात लहानाचे मोठे झाले. पण नगरपालिकेच्या सभेत ‘द वॉटर इश्यू वॉज ब्रॉट अप’ म्हणजे पाण्याचा विषय निघाला. ‘टर्न्ड डाउन’ म्हणजे अर्ज फेटाळला, आणि रेडिओचा आवाज कमी केला हेही तेच. ‘टेकन इन’ म्हणजे आसरा दिला, आणि फसला हेही तेच. पुढे आलेला कर्ता पाहिला की संशय फिटतो: अर्ज असेल तर फेटाळला, रेडिओ असेल तर आवाज कमी केला. कर्मणीत प्रभावित झालेली वस्तू सर्वांत आधी येत असल्याने अर्थ ओळखणे कर्तरीपेक्षा लवकर होते.

बोलण्यात ‘वॉज’च्या जागी पुष्कळदा ‘गॉट’ येते. ‘ही गॉट बीटन अप’, त्याला मार बसला. ‘वी गॉट लॉक्ड आउट’, आम्ही बाहेरच अडकलो. ‘आय गॉट रिप्ड ऑफ’, मला गंडवलं. ‘गॉट’मध्ये अनपेक्षित, बहुधा वाईट, गोष्ट अंगावर आल्याचा भाव असतो. मराठीत ‘मार बसला’, ‘दंड पडला’, ‘फटका बसला’ यांतले बसणे आणि पडणे हेच काम करते. ‘गॉट’ घरच्या बोलण्यात आणि मित्रांत चालते. अर्जात किंवा अहवालात ‘वॉज’ लिहावे.

क्रिकेटने यातले एक रूप अगदी निरक्षर माणसाच्याही तोंडी बसवले आहे. ‘रनआउट झाला’ हे इंग्रजी ‘ही वॉज रन आउट’चे मराठी रूप. इंग्रजीत ते स्वच्छ कर्मणी आहे: क्षेत्ररक्षकाने त्याला ‘रन आउट’ केले. ‘रन’ या क्रियापदाचे धातुसाधित रूपही ‘रन’च असल्याने ते ओळखू येत नाही. ‘रनआउट केला’ आणि ‘रनआउट झाला’ अशी जोडी लावून मराठीने कर्तरी-कर्मणीचा भेद आपल्या पद्धतीने सोडवला आहे.

काही रूपे क्रिया सांगायची सोडून स्थिती सांगू लागतात. ‘आय अ‍ॅम फेड अप’ म्हणजे मी वैतागलो आहे. ‘शी इज वोर्न आउट’ म्हणजे ती दमून गेली आहे. ‘टिकिट्स आर सोल्ड आउट’ म्हणजे तिकिटे संपली. येथे कोणी वैतागवले, कोणी दमवले हे विचारण्यात अर्थ नाही आणि ‘बाय’ जोडायचेही नसते; ‘फेड अप’नंतर ‘विथ’ येते. ‘मेड अप ऑफ’, म्हणजे अमुक भागांचे बनलेले, हेही असेच कायम कर्मणीत राहणारे रूप आहे.

कर्ता सांगण्याचा प्रश्न उरतो. शाळेतल्या सरावामुळे प्रत्येक कर्मणी वाक्याला ‘बाय’ची शेपटी हवीच, असे मुलांना वाटते. रोजच्या इंग्रजीत ती बहुतेक वेळा नसतेच. ‘द मीटिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ’ म्हणणाऱ्याला कोणी रद्द केली हे माहीत नसते, सांगायचे नसते किंवा सांगण्याची गरज नसते. ते सांगणेच महत्त्वाचे असेल तर, गिरणीच्या ताब्यासारखे, ‘बाय’ येते. या ‘बाय’चा मराठीवरही परिणाम झाला आहे. ‘चोर पोलिसांकडून पकडला गेला’ या रचनेला व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात आणि ती इंग्रजीच्या संगतीने आली असे मानले जाते. आज बातम्यांत ‘द्वारे’ आणि ‘कडून’ यांचा जो सुकाळ आहे, तो तिथूनच. ‘बैठक अध्यक्षांकडून पुढे ढकलली गेली’ यापेक्षा ‘अध्यक्षांनी बैठक पुढे ढकलली’ हे मराठी निश्चितच चांगले. इंग्रजी वाक्याचा कर्मणीपणा मराठीत उतरवण्याचा अट्टाहास धरू नये. मराठीत ते काम कर्ता गाळून किंवा ‘झाले’, ‘पडले’, ‘ठरले’ यांनी होते.

इंग्रजीत फ्रेजल व्हर्बला बहुधा एक लॅटिन वळणाचा एकशब्दी पर्यायही असतो: ‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन्ड’, ‘टर्न्ड डाउन’ला ‘रिजेक्टेड’, ‘पुट आउट’ला ‘एक्स्टिंग्विश्ड’, ‘पुल्ड डाउन’ला ‘डिमॉलिश्ड’. भारतात इंग्रजी कचेरी, कोर्ट आणि कॉलेज यांतून आली, त्यामुळे येथे हेच पर्याय जास्त रुळले. सोलापूरचा पदवीधर ‘पोस्टपोन्ड’ बेधडक लिहितो आणि ‘पुट ऑफ’ ऐकले की विचारात पडतो. लंडनमधल्या दुकानदाराचे नेमके उलटे होते. दोन्ही रूपे बरोबर आहेत. नोटिशीत ‘पोस्टपोन्ड’, बोलण्यात ‘पुट ऑफ’.

याला मोठा अपवाद कामगार कायद्याचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ची व्याख्या होती: कोळसा, वीज किंवा कच्चा माल नसणे, माल साचणे, यंत्र बिघडणे अशा कारणांनी मालक हजेरीपटावरच्या कामगाराला काम देऊ शकत नाही ती स्थिती. नोकरी जात नाही, काम थांबते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळत असे, बदली कामगाराला मात्र मिळत नसे. गिरणगावात ‘आज ले-ऑफ दिला’ हे वाक्य इंग्रजी न येणाऱ्यालाही कळत असे. अमेरिकेत ‘ही वॉज लेड ऑफ’ म्हणजे बहुधा नोकरीच गेली. आयटी कंपन्यांच्या बातम्यांत आता हाच दुसरा अर्थ येतो, तेव्हा भारतीय कायद्यातला अर्थ तिथे लावला तर बातमी उलटी समजते.

अशी नामे लिहिताना आणि बोलताना एक पथ्य पाळावे लागते. क्रियापदात दोन शब्द सुटे राहतात आणि जोर दुसऱ्यावर पडतो: ‘लेड ऑफ’, ‘लॉक्ड आउट’, ‘टेकन ओव्हर’. नामात ते जोडले जातात आणि जोर पहिल्यावर सरकतो: ‘ले-ऑफ’, ‘लॉकआउट’, ‘टेकओव्हर’. नामाआधी विशेषण म्हणून आले तर जोडरेघ हवी, ‘पेड-अप शेअर’ किंवा फ्लॅटच्या जाहिरातीतला ‘बिल्ट-अप एरिया’. नामानंतर आले तर रेघ नको, ‘द शेअर्स आर फुल्ली पेड अप’. काही नामांत क्रम उलटतो आणि अव्यय पुढे येते. ‘ब्रॉट अप’चे नाम ‘ब्रिंगिंग-अप’ न होता ‘अपब्रिंगिंग’ होते, आणि ‘ब्रेक आउट’चे ‘आउटब्रेक’, म्हणजे साथीचा उद्रेक. यांना नियम नाही. त्या-त्या शब्दापुरतेच लक्षात ठेवावे लागते.